उंची आणि दाणा: जिबरेलिनच्या रिसेप्टरची पार्श्वभूमी

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला जीए, म्हणजे जिबरेलिन गटातलं जिबरेलिक ॲसिड, हे काय असतं ते वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी अवस्थेत आले की 10 पीपीएमची फवारणी, म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 ग्रॅम. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी असिटोनमध्ये विरघळवून घ्यायची. घड लांबतो, आणि पुढे मणी धरल्यावर डिपिंग केलं, म्हणजे घड जीएच्या द्रावणात बुडवले, की मणी फुगतो. थॉमसन सीडलेसला याची गरज पडते, कारण तिच्या फुलात फलन होतं, पण बी कोवळेपणीच खुरटतं. मण्याला फुगवणारं जिबरेलिन एरवी त्या वाढत्या बीमधूनच मिळालं असतं. बी नाही, म्हणून ते बाहेरून द्यायचं. हे जिबरेलिन पेशीत शिरल्यावर त्याची दखल नेमकं कोण घेतं, म्हणजे त्याचा रिसेप्टर कोणता, हे मात्र 2005 सालापर्यंत माहीत नव्हतं.

सुरुवात भातावरच्या रोगापासून झाली. जपानमध्ये ‘बाकानाए’ नावाच्या बुरशीजन्य रोगात रोपं फिकट पडून एकदम उंच वाढत. त्यातली बरीच मरत, आणि जगली वाचली त्यांच्या लोंब्या पोचट निघत. 1926 साली एइची कुरोसावा यांनी तैवानमध्ये ही बुरशी द्रवात वाढवली, ती गाळून काढली आणि नुसता द्रव निरोगी रोपांना दिला. रोपं तशीच उंच झाली. म्हणजे हे काम बुरशीतून पाझरणाऱ्या एखाद्या रसायनाचं होतं. तेइजिरो याबुता यांनी 1935 साली त्याला जिबरेलिन हे नाव दिलं आणि 1938 साली त्याचे स्फटिक मिळवले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांचं लक्ष तिकडे गेलं ते महायुद्धानंतर. 1958 साली घेवड्याच्या कोवळ्या बियांमध्येही जिबरेलिन सापडलं, आणि हे झाडाचं स्वतःचंच संप्रेरक आहे हे पक्कं झालं.

मधल्या काळात बुटक्या मक्यावर आणि वाटाण्यावर जिबरेलिन देऊन पाहिलं गेलं. काही बुटकी झाडं ताडकन उंच झाली, काही मात्र ढिम्म हलली नाहीत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची झाडं हीच. संप्रेरक भरपूर असूनही झाड वाढत नसेल, तर बिघाड ते ओळखणाऱ्या यंत्रणेत असणार.

असं एक झाड तोवर शेतात पोचलंही होतं. जपानमध्ये 1935 साली आलेला नोरिन-10 हा बुटका गहू युद्धानंतर अमेरिकेत गेला, तिथून मेक्सिकोत गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आला, आणि त्याच्या वंशातलं 18,000 टन बियाणं भारतानं 1966 साली आणलं. उंच देशी गव्हाला नत्र जास्त झालं की पीक लोळायचं. हा गहू तेच नत्र खाऊन ताठ उभा राहायचा. त्याच्यावर जीए फवारलं तरी फरक पडत नसे. त्याचं कारण कळायला 1999 उजाडलं. इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या नेतृत्वाखालच्या गटानं दाखवलं, की वाढ रोखून धरणारं ‘डेला’ नावाचं प्रथिन या गव्हात बदललेलं आहे. एरवी जिबरेलिन आलं की पेशी हे प्रथिन मोडून टाकते. बदललेलं प्रथिन मोडत नाही, लगाम खेचलेलाच राहतो.

आता मधला दुवा तेवढा हवा होता. बार्लीच्या दाण्यावरच्या प्रयोगांवरून अनेकांना वाटत होतं, की जिबरेलिन ओळखणारा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या पटलावर असावा. त्या शोधात बरीच वर्षं गेली. नागोया विद्यापीठात मात्सुओका यांच्या प्रयोगशाळेनं वाट वेगळी धरली: जिबरेलिनला दाद न देणारी बुटकी भातरोपं घ्यायची आणि त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक हुडकायचं. 2005 साली मियाको उएगुची-तानाका आणि सहकाऱ्यांनी ‘जीआयडी-1’ हे प्रथिन जाहीर केलं. ते पटलावर नव्हतंच, मुख्यतः पेशीकेंद्रकात होतं. त्याचं कूळही अनपेक्षित, मेद तोडणाऱ्या लायपेज विकरांशी नातं सांगणारं, पण तोडण्याची ताकद गमावलेलं. 2008 साली दोन गटांनी त्याची रचना उलगडली. जिबरेलिनचा रेणू प्रथिनाच्या खोबणीत बसतो, वरून झाकण मिटतं, आणि त्या मिटलेल्या झाकणावर डेला येऊन चिकटतं. चिकटलं की पेशी त्यावर नष्ट करण्याची खूण लावते. नोरिनच्या वंशातल्या गव्हात डेलाचा हा चिकटणारा भागच उरलेला नाही.

खरी कळीची गोष्ट मात्र उंचीच्या पलीकडची आहे. भातात जीआयडी-1 पूर्ण निकामी झालं तर रोप गडद हिरवं, रुंद पानांचं, अतिशय खुजं राहतं आणि वांझही होतं. परागकोशाच्या आतल्या बाजूला टॅपेटम नावाचा पेशींचा थर असतो. त्यानं वेळेवर मरून परागकणांना पोसायचं असतं. जिबरेलिनचा निरोप पोचला नाही तर तो थर मरत नाही आणि परागकणांचं बाहेरचं कवच बनत नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये असे तीन रिसेप्टर आहेत, ए, बी आणि सी. ए आणि सी नसले तर खोड आखूड राहतं. ए आणि बी नसले तर पुंकेसराचे तंतू आखूड पडतात, पराग वर पोचत नाही आणि शेंगा कमी धरतात. तिन्ही काढले तर झाड जमिनीलगत राहतं, वांझ होतं, आणि त्याचं बीसुद्धा साल सोलून दिल्याशिवाय रुजत नाही.

मग बुटक्या पिकांना दाणा धरला कसा? गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यातल्या एकातलं डेला बदललं तरी बाकीची दोन नेहमीसारखी मोडतात, त्यामुळे उंची घटते पण फुलाचं काम भागतं. 1966 सालच्या आयआर-8 या बुटक्या भातवाणात रिसेप्टर शाबूत आहे, जिबरेलिन बनवणारं एक जनुक तेवढं निकामी आहे. हे जनुक मुख्यतः खोड-पानांतलं. फुलांत त्याचं भावंड जनुक काम करत राहतं, म्हणून लोंबी भरते. पैदासकारांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी बुटकी आणि भरल्या दाण्याची रोपं तेवढी निवडली.

नोरिनच्या जनुकाचा एक तोटा उरतोच. जिबरेलिनला दाद न देणाऱ्या या गव्हाचा कोंब जमिनीखालीही आखूड राहतो, म्हणून खोल ओलीत पेरलं तर उगवण मार खाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं आरएचटी-14 आणि आरएचटी-18 या उंची घटवणाऱ्या पर्यायी जनुकांवर काम केलं आहे ते यासाठीच. आरएचटी-18 मध्ये डेला आणि रिसेप्टर दोन्ही धड असतात, फक्त झाडातलं क्रियाशील जिबरेलिन कमी होतं. काड बुटकंच राहतं, पण कोंब लांब निघतो आणि खोल पेरलेलं बी वर येऊ शकतं.