आवाज गेला म्हणजे साउंड कार्ड गेलं?

एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) बोलायचं थांबलं की ‘साउंड कार्ड उडालं, विंडोज नव्याने टाका’ हा सल्ला अंध वापरकर्त्यांना वर्षानुवर्षं मिळतोय. (दुकानदार फॉरमॅटचे पैसे घेऊन मोकळा!) पुष्कळदा तो साफ चुकीचा असतो.

आधी कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबा. नॅरेटर, म्हणजे विंडोजमधलंच तसं सॉफ्टवेअर, बोलला, तर कार्ड ठणठणीत आहे, घोळ एनव्हीडीएत. इन्सर्टसोबत चुकून एस दाबला गेला की बोलणं बंद होतं किंवा नुसते बीप येतात. इन्सर्ट-एस पुन्हापुन्हा दाबा, येईल परत. एनव्हीडीएच अडकलं असेल, तर कंट्रोल-ऑल्ट-एनने ते नव्याने सुरू होतं.

नॅरेटरही गप्प? मग एचडीएमआय केबल काढून बघा. मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी आवाज तिकडे वळवतं, आणि कित्येक मॉनिटरना स्पीकरच नसतो.