आयत्या बिळावरचा विषाणू

कुत्रा पाळणाऱ्यांच्या घरात 'पार्व्हो' हा शब्द नुसता निघाला तरी पोटात गोळा येतो. काल घरभर बागडणारं पिल्लू आज मान टाकतं. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि तपासणीत पांढऱ्या पेशी पार घसरलेल्या. हा विषाणू रक्तातून अंगभर फिरतो, पण नासधूस करतो ती मोजक्याच जागी: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, लसिकाग्रंथी. अगदी कोवळ्या पिल्लांत हृदयसुद्धा. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की हृदय सहसा वाचतं. विषाणू तोच, हृदयही तेच, मग बदललं काय?

बदलते ती पेशींची वाढ. जन्मानंतर काही आठवडे हृदयाच्या स्नायूपेशी विभागत असतात, मग जवळजवळ थांबतात. आतड्याच्या आणि मज्जेच्या पेशी मात्र आयुष्यभर विभागतच राहतात. पार्व्होला हव्या असतात त्या अशा पेशी, आणि त्यामागचं कारण आहे त्याचं दारिद्र्य.

लॅटिनमध्ये 'पार्व्हस' म्हणजे लहान. याचा व्यास जेमतेम २५ नॅनोमीटर. डीएनएची एकच साखळी, तीही सुमारे ५,००० अक्षरांची. माणसाच्या जनुकसंचात तीन अब्जांहून जास्त असतात. एवढ्याशा मजकुरात कवचाची प्रथिनं आणि कामकाज बघणारी एक-दोन प्रथिनं, इतकंच बसतं. डीएनएच्या प्रती काढणारं स्वतःचं यंत्र याच्याकडे नाही. पेशीकडे ते असतं, पण विभाजनापूर्वी स्वतःचा डीएनए दुप्पट करायच्या वेळीच ते पूर्ण जोमाने चालतं. अॅडिनोव्हायरस किंवा पॅपिलोमाव्हायरससारखे दुसरे विषाणू झोपलेल्या पेशीला ढोसून उठवतात, विभाजनाच्या तयारीला लावतात. पार्व्होला तेही जमत नाही. तो केंद्रकात शिरतो आणि वाट बघत बसतो. पेशीने यंत्र सुरू केलं की मात्र आयत्या बिळावर नागोबा. त्याचं एनएस१ हे प्रथिन यंत्राचा ताबा घेतं, पेशीचं विभाजन अडवतं आणि शेवटी तिला मारतं.

माणसातला पार्व्होव्हायरस बी१९ याहूनही चोखंदळ. १९७५ साली लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट हेपॅटायटिस बी साठी रक्तनमुने तपासत असताना 'बी' संचातल्या १९ क्रमांकाच्या नमुन्यात तो सापडला, नावामागे एवढंच. तो गाठतो ते लाल रक्तपेशी तयार करणाऱ्या मज्जेतल्या पेशींना. आठवडाभर लाल पेशींचं उत्पादन बंद पडलं तरी निरोगी माणसाला पत्ता लागत नाही, कारण त्या सुमारे १२० दिवस टिकतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात त्या १०-२० दिवसच टिकतात, त्यामुळे तोच आठवडा जिवावर बेतू शकतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं तपासणाऱ्या डॉक्टरांनी हे नाव ध्यानात ठेवायला हवं. हिमोग्लोबिन अचानक कोसळलं आणि नव्या लाल पेशी दिसेनाशा झाल्या, की संशयिताच्या यादीत बी१९ वर असतो.

आता कर्करोगाच्या गाठींकडे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत हेलन टूलन यांना उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींमध्ये एच-१ नावाचा पार्व्होव्हायरस सापडला. गाठीत सापडला म्हणजे गाठ यानेच केली असणार, असा संशय येणं साहजिक होतं. नवजात हॅमस्टरना तो टोचला तर पिल्लं खुजी, चपट्या तोंडाची झाली, म्हणजे निरोगी वाढीलाही त्याने दगा दिलाच. पण जी जगली, त्यांना पुढे आपोआप होणाऱ्या गाठी इतर हॅमस्टरपेक्षा कमी झाल्या. चोर समजून धरलेला भलताच निघाला.

कर्कपेशी सतत विभागतात म्हणून त्या बळी पडतात, असं सांगून मोकळं होता येईल. पुष्कळ ठिकाणी तेवढंच सांगतातही. पण विभाजन ही नुसती पहिली अट आहे. प्रयोगशाळेत विभागत असलेल्या निरोगी मानवी पेशींमध्येही एच-१ शिरतो, तरी बहुतेकदा त्याचं चक्र अर्धवटच राहतं. त्याच प्रकारच्या पेशी कर्कजनुकाने बिघडवल्या की त्या झपाट्याने मरू लागतात. बिघडलेल्या पेशीत वाढीचे संदेश अखंड चालू असतात, आणि तेच संदेश विषाणूची जनुकंही चालू करतात. शिवाय विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून इशारा देते; अशा अनेक पेशींत ही धोक्याची घंटा नीट वाजत नाही. वाढीसाठी गाठीने जी बंधनं झुगारली, त्यांतलीच काही विषाणूला रोखणारी होती.

जर्मनीत हायडेलबर्गला ज्याँ रोमेलेअर यांच्या गटाने या विषयावर बरीच वर्षं घालवली. त्यातून २०११ मध्ये ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या १८ रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली. काहींना एच-१ थेट गाठीत टोचला, काहींना आधी शिरेतून दिला. शिरेतून दिलेला विषाणूही मेंदूतल्या गाठीपर्यंत पोचला, काढलेल्या गाठींत प्रतिकारपेशी जमलेल्या दिसल्या आणि विषाणूमुळे गंभीर त्रास झाला नाही. एच-१ मुळात उंदरांचा, त्यामुळे माणसाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं सहसा आधीपासून नसतात, हा मोठाच फायदा. मात्र कर्करोग बरा झाला असं नाही, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. चाचणी होती ती मुख्यतः सुरक्षिततेची. उपचारानंतर रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालीच, त्यामुळे पुढचा डोस शिरेतून द्यायचा तर तो गाठीपर्यंत पोचण्याआधीच अडवला जाण्याची शक्यता असते.