आधी कागद, मग भेटकार्ड: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

शुभेच्छा छापून पाठवायची पद्धत टपाल स्वस्त झाल्यावर सुरू झाली. ब्रिटनमध्ये 1840 पासून एका पेनीत पत्र पोचू लागले. 1843 मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे पहिले विक्रीचे कार्ड काढून घेतले. किंमत होती एक शिलिंग. रेषा दगडी छापाच्या होत्या, रंग मात्र हाताने भरलेले होते. आपल्याकडे पाव आण्याचे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी आले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचे टपाल वेगळे होते. त्याच्या तिकिटांवर फारसी लिपीच्या जोडीला तेलुगू आणि मराठीही असे. हे टपाल 1950 मध्ये भारतीय टपालात विलीन झाले.

कार्ड बाहेरून आले, पण कागद इथे पाचशे वर्षे आधीपासून बनत होता. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा तिच्याबरोबर कागद बनवणारे कारागीरही आले, असे मानले जाते. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधले कागजीपुरा हे त्यांचे गाव. चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवून कुटायच्या, लगदा हौदात कालवायचा, गवती काड्यांच्या चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचे. त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे: तावाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटायचा. बोरूची शाई न फुटता अक्षर उमटायचे ते या घोटण्यामुळे.

आज भेटकार्डासाठी मिळणारा हातकागद बहुधा सुती कापडाच्या कातरणांपासून केलेला, जाडसर आणि न घोटलेला असतो. दिसायला देखणा, पण स्केचपेन टेकवले की रेघेला मिशा फुटतात. खळ कमी असल्याने तंतू शाई ओढून घेतात. आधी कोपऱ्यावर एक टिंब देऊन पाहावे. ते पसरले तर एक कप पाण्यात एक चमचा मैदा शिजवून, गाळून, चिमूटभर तुरटी घालून पातळ खळ करावी. तुरटीचे प्रमाण वाढले तर काही वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. खळीचा एकेक हात दोन्ही बाजूंना द्यावा. एकाच बाजूला दिला तर ताव वाकतो. पूर्ण वाळल्यावर स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटावे. ओलसर असताना घोटले तर पृष्ठभाग सोलून निघतो.

यंत्राच्या कार्डशीटची अडचण वेगळी. तिच्यात तंतू एकाच दिशेने असतात. शीट लांबीच्या आणि रुंदीच्या, अशा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावी. जिकडे सहज वाकेल तिकडेच घडी घालावी. उलट दिशेने घातली की रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. 200 ते 250 जीएसएमची (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) ए-4 शीट अर्धी कापून दुमडली की साधारण 10.5 × 14.8 सेंमीचे कार्ड होते. घडीची रेघ संपलेल्या रिफिलने, पट्टी धरून, कार्डाच्या बाहेरच्या बाजूने ओढावी. उंचवटा घडीच्या आत राहिला तर घडी नेमकी बसते. बरेच जण नेमके उलट करतात.

सणांच्या कार्डांत मराठी घरांची खास भर म्हणजे संक्रांतीचे कार्ड: ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहायचे आणि सोबत हलव्याचे चार दाणे पाठवायचे. आपल्याकडे जानेवारीत हवा कोरडी असते म्हणून हलवा टिकतो. मात्र नुसता तीळ चिकटवला तर त्याचे तेल कागदात उतरते आणि पारदर्शक डाग पडतो. दाणे बटर पेपरच्या लहान पुडीत घालून पुडीच चिकटवावी, तीही तिकिटाच्या कोपऱ्यापासून दूर, नाहीतर शिक्क्याखाली दाणे चिरडतात. दसऱ्याला आपट्याचे पान लावतात. ताजे पान आकसते, सुरकुतते आणि खाली तपकिरी डाग सोडते. म्हणून ते वर्तमानपत्राच्या घडीत वजनाखाली आठ-दहा दिवस दाबावे आणि पहिले तीन दिवस कागद रोज बदलावा.

ईदच्या कार्डांनी या भागाला उर्दू सुलेखनाची जोड दिली. नक्षीसाठी पैठणीच्या काठापदरावरचे मोर, नारळी काठ आणि आसावलीची फुलवेल हाताशी होतेच, आणि अजिंठ्याच्या छतांवरची कमळेही.

हाताने कार्ड करण्याची सवय मात्र सर्वदूर पोचवली ती शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने. घोटीव कागदाची कातरकामे, दोऱ्याची चित्रे, टूथब्रशने उडवलेला फवारा आणि भेंडीचे ठसे, एवढ्यावर वर्गभर वाढदिवसाची कार्डे व्हायची. भेंडीचा ठसा फुलासारखा उमटतो, पण कापल्यावर तिला पाणी आणि चिकट रस सुटतो. रंग फिका पडून पाकळ्या एकमेकींत मिसळतात. आडवी कापून दहा मिनिटे फडक्यावर पालथी ठेवावी आणि पोस्टर कलर पाणी न घालता स्पंजवर पसरून त्यावर ती टेकवावी. पहिला ठसा रद्दीवरच घ्यावा.

आर्चीजसारख्या कंपन्यांची छापील कार्डे 1980 नंतर शहरांत रुळली, मोबाइलने त्यांचा बाजार उतरवला. हातकार्ड राहिले ते मुलांमुळे, आणि कागजीपुऱ्याचा कागद आजही मिळतो म्हणून.

आपल्याकडचा उन्हाळा कार्डांना त्रास देतो. एप्रिल-मेमध्ये डिंक पसरेपर्यंतच सुकतो आणि कडा सुटतात. तेव्हा फेव्हिकॉल थोड्या थोड्या भागाला लावून लगेच दाबावा. पावसाळ्यात तोच पाणी घालून लावला तर पातळ कागद फुगून सुरकुततो, म्हणून तेव्हा ग्लूस्टिक बरी. तयार कार्ड रात्रभर पुस्तकांखाली ठेवावे आणि 11.4 × 16.2 सेंमीच्या पाकिटात घालावे. पुडी किंवा मणी लावलेले असतील तर आत पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवून पोस्टात वजन करूनच तिकीट लावावे.