वस्तऱ्याच्या मानेवरचा ठसा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत पणजोबांच्या पेटीतून अजूनही कधीमधी घडीचा वस्तरा निघतो. निघाला की घरातलं कुणीतरी लगेच पॉलिश पेपर घेऊन बसतं. कृपा करून ते करू नका. पात्याच्या मुठीकडच्या जाड मानेवर बनवणाऱ्याचा ठसा असतो आणि तो मिलिमीटरभरही खोल नसतो. गंजाबरोबर तोही घासून जातो.

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे अक्षरांच्या खाचा आतूनच भरत येतात. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवावं आणि मऊ झालेला गंज लाकडी काडीने हलकेच काढावा. मग खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा. समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारी मान आता सावल्यांनी भरते. पण टॉर्च एकाच जागी धरून भागत नाही. उजेडाच्या दिशेनेच जाणाऱ्या खाचेत सावली पडत नाही. बाजूने उजेड टाकला, तर ‘E’ चे आडवे दांडे हरवतात, उभा तेवढा उरतो आणि तो ‘I’ वाटतो. म्हणून टॉर्च चहूबाजूंनी फिरवत फोटो काढावेत. ठसा हातोडीने मारलेला असे. घाव जरा तिरका पडला की एक कड उथळ राही, आणि झिजताना आधी तीच जाई. नावाचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर गायब दिसतं, ते बहुधा यामुळे.

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये सुरी-कात्रीवाल्यांच्या खुणा नोंदवणारा संघ 1624 साली स्थापन झाला. जोसेफ रॉजर्स या तिथल्या कारखान्याने वापरलेली तारा आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस) ही खूण मूळ 1682 ची. मुकुटाशेजारी ‘VR’ असेल, तर काळ व्हिक्टोरियाचा, 1837 ते 1901; ‘WR’ असेल, तर चौथ्या विल्यमची जेमतेम सात वर्षं. देशाच्या नावाबाबत मात्र जपून. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती 1890 च्या कायद्याने झाली, म्हणून नुसतं ‘England’ किंवा ‘Germany’ दिसलं की वस्तरा त्यानंतरचा मानतात. हा अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो. उलटा नियम मात्र चालत नाही: मुंबई बंदरात उतरून बडोद्याला आलेल्या मालाला तो अमेरिकन कायदा लागूच नव्हता, तेव्हा देशाचं नाव नाही म्हणून वस्तरा जुना, असं ठरवता येत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘सिल्व्हर स्टील’ हा शिक्का. मायकेल फॅरडे आणि लंडनचे सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी 1820 च्या सुमारास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. या कामाला चालना मिळाली ती आपल्याकडून गेलेल्या वुट्झ पोलादामुळे. स्टोडार्ट त्याची हत्यारं घडवत असत. पोलादात चांदी साधारण पाचशेवा भागच मुरते, असं त्यांना आढळलं. नाव मात्र गाजलं, आणि कितीतरी वस्तऱ्यांवर ते चांदीचा कणही नसताना उमटलं. खरं-खोटं पाहायला क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र आहे. पातं न खरवडता ते चांदीचा माग काढतं. पोलादाचा जीव असलेला कार्बन मात्र त्याला दिसत नाही. त्याची किरणं इतकी दुबळी असतात, की यंत्रापर्यंत पोचण्याआधीच हवेत विरतात.