स्थानमूल्य (एनएफएल ड्राफ्ट)

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंची संघांमध्ये वाटणी होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. हाती आलेली निवडीची पाळी कोणत्या जागी खेळणाऱ्या खेळाडूवर खर्च करायची, यामागचा विचार म्हणजे स्थानमूल्य. मैदानावर एखादी जागा किती महत्त्वाची, एवढाच हा प्रश्न नाही. ती जागा बाजारातून, म्हणजे करारातून मोकळे झालेले खेळाडू घेऊन, भरायला किती पैसे पडतात, त्या तोडीचे खेळाडू दरवर्षी किती तयार होतात आणि निवड फसली तर संघ किती वर्षे मागे जातो, हा सगळा हिशेब त्यात येतो. संघातली यंदाची उणीव भरून काढणे हेच ड्राफ्टचे काम, असे चाहते धरून चालतात. निवडीच्या सगळ्या निकषांत हा निकष सर्वांत दुबळा आहे.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. पैसेवाले आणि जिंकणारे संघ चांगले खेळाडू आधीच उचलत, म्हणून सर्वांत दुबळ्या संघाला पहिली निवड मिळावी असा प्रस्ताव त्यांनी १९३५ मध्ये मांडला. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्यात सर्वांत आधी निवडलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही. आज ३२ संघ सात फेऱ्यांत निवड करतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ प्रत्येक फेरीत पहिला, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकणारा शेवटचा. मात्र पाळ्यांची आपसांत अदलाबदल करता येते. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा: येथे बोली लागत नाही. संघाला पैसे वाढवून खेळाडू ओढता येत नाही आणि खेळाडूलाही आपला संघ निवडता येत नाही. खर्च करायची असते ती फक्त पाळी.

पगाराचे गणित

स्थानमूल्याला आजचे रूप आले ते लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारामुळे. त्याआधी वरच्या पाळीचा खेळाडू हवे तेवढे मागू शके. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुइस रॅम्सने सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नव्या नियमांखाली पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला कॅरोलिना पँथर्सकडून चार वर्षांचे मिळाले सुमारे २.२ कोटी. तेव्हापासून नवोदिताचा पगार पाळीच्या क्रमांकावर ठरतो, जागेवर नाही. दहाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतला काय आणि त्याच्या पुढच्या रेषेत प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा गार्ड घेतला काय, चार वर्षांचा खर्च जवळपास सारखाच.

बाजारात मात्र या दोन जागांच्या किमतीत प्रचंड तफावत आहे. डॅलस काउबॉइजने २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉटला दिलेला करार वर्षाला ६ कोटी डॉलरचा होता. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या कराराने वर्षाला २ कोटींचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो २०२५ मध्ये. १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. त्यामुळे महागड्या जागेवर चार वर्षे स्वस्तात खेळणारा खेळाडू सापडला, की वाचलेले पैसे उरलेल्या संघावर लावता येतात. सिॲटल सीहॉक्सने २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर रसेल विल्सन घेतला आणि त्याच्या तुटपुंज्या पगाराच्या काळातच, २०१३ च्या हंगामात, सुपर बोल जिंकला. स्थानमूल्याचा गाभा हा फरकच आहे: खेळाडू संघाला काय देतो आणि तेच बाजारातून आणायला काय पडले असते, यांतला.

पाळीच्या किमतीचाही एक तक्ता असतो. काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्या संघाने अदलाबदलीसाठी गुणांचा तक्ता बनवला; पहिल्या पाळीला ३,०००, सोळाव्या पाळीला १,००० गुण. इतर संघांनीही तो उचलला. पुढे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी दाखवून दिले, की संघ अगदी वरच्या पाळ्यांसाठी वाजवीपेक्षा जास्त मोजतात. जुन्या पगारपद्धतीत खर्चाच्या मानाने सर्वाधिक लाभ दुसऱ्या फेरीच्या आरंभी मिळत होता. या तक्त्यात खेळाडूच्या जागेला स्थान नाही, ही त्याची मोठी मर्यादा आहे. क्वार्टरबॅक हवा असलेल्या संघाला दुसरी पाळी आणि सेफ्टी (बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू) हवा असलेल्या संघाला दुसरी पाळी, या एकाच किमतीच्या वस्तू नव्हेत.

जागांची उतरंड

क्वार्टरबॅक सर्वांत वर, याबद्दल कुणाचे दुमत नाही. २०१८ ते २०२५ या आठ ड्राफ्टांत पहिला मान सात वेळा क्वार्टरबॅकला मिळाला. अपवाद २०२२ चा, तेव्हा जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने ट्रॅव्हॉन वॉकर हा एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा बचावपटू, निवडला. २०२४ मध्ये तर पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते. पण जागा मोलाची म्हणून माणूस मोलाचा ठरत नाही, हे याच जागेवर सर्वांत जास्त वेळा विसरले जाते. २०२१ मध्ये पहिल्या पंधरांत पाच क्वार्टरबॅक गेले. २०२४ चा हंगाम सुरू होईपर्यंत त्यांतला एकटा ट्रेव्हर लॉरेन्स मूळ संघात उरला होता. २०२१ मध्येच सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने बाराव्या पाळीसह पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या देऊन तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्स घेतला. लान्स टिकला नाही. त्यांना तारले ते २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीने, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना सुपर बोलपर्यंत नेले. थोर क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. अशी उदाहरणे दाखवून ‘क्वार्टरबॅक खालूनही मिळतो’ असे म्हणणे मात्र धोक्याचे आहे. त्या क्रमांकांवर घेतलेले बाकीचे क्वार्टरबॅक कुणाच्या लक्षातही नाहीत.

क्वार्टरबॅकखालोखाल पुढच्या रेषेच्या टोकाला उभा राहून त्याला वाचवणारा टॅकल आणि त्याला पाडणारा एज रशर. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणून लेफ्ट टॅकलचा भाव पूर्वीपासून चढा. आता टी. जे. वॉटसारखे रशर उजव्या टॅकलवर चालून येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंतले अंतर घटले आहे. त्यानंतर पास झेलणारा वाइड रिसीव्हर आणि त्याला रोखणारा कॉर्नरबॅक. रिसीव्हरचे पगार २०२२ पासून झपाट्याने चढले, तसा ड्राफ्टमधला त्यांचा भावही चढला. टेनेसी टायटन्सने त्या वर्षी ए. जे. ब्राउनला नवा महागडा करार देण्याऐवजी ड्राफ्टच्या रात्रीच ईगल्सकडे पाठवले आणि मिळालेल्या अठराव्या पाळीवर ट्रेलन बर्क्स हा नवा रिसीव्हर घेतला. कागदावर हिशेब बिनचूक होता, पण बर्क्स ब्राउनच्या जवळपासही पोहोचला नाही. स्वस्त खेळाडू स्वस्त असतो एवढ्याने तो फायद्याचा होत नाही.

सेंटर (रेषेच्या मधोमध राहून चेंडू मागे देणारा), गार्ड, सेफ्टी, आतले लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले) आणि टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) ही भावाच्या उतरंडीतली मधली फळी. येथे नियम मोडणारे खेळाडू निघतात: इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१८ मध्ये क्वेंटन नेल्सन हा गार्ड सहाव्या क्रमांकावर घेतला आणि त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही. चेंडू लाथेने मारणारे किकर आणि पंटर बहुधा शेवटच्या फेऱ्यांत जातात. ओकलंड रेडर्सने २००० मध्ये सबॅस्टियन यानिकोव्स्की सतराव्या क्रमांकावर घेतला, तो दीर्घकाळ टिकला. टॅम्पा बे बकनिअर्सने २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला रॉबर्टो अग्वायो एका हंगामानंतर संघाबाहेर गेला.

रनिंग बॅकचा प्रश्न

सगळ्यांत जास्त वाद या जागेवर होतात. एकेकाळी रनिंग बॅक हा संघाचा राजा असे. खेळ पासकडे झुकला, या जागेवर शरीराची झीज लवकर होते हे आकड्यांत दिसू लागले, आणि भाव पडला. २०१३ आणि २०१४ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. २०२२ आणि २०२४ मध्येही तेच घडले.

न्यूयॉर्क जायंट्सचे जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन यांनी २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सेक्वान बार्कली घेतला. संघाचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग तेव्हा सदतीस वर्षांचा होता, आणि जॉश ॲलन व लमार जॅक्सन हे दोन्ही क्वार्टरबॅक अजून निवडले जायचे होते. बार्कलीने पहिल्याच हंगामात धावून आणि झेलून २,०२८ यार्ड मिळवले. संघाने सोळांपैकी पाच सामने जिंकले. पाळी वरची असल्याने त्याचा चार वर्षांचा करार सुमारे ३.१२ कोटी डॉलरचा आणि पूर्ण हमीचा होता. म्हणजे स्वस्त नवोदिताचा जो फायदा ड्राफ्ट देतो, तो या जागेवर पहिल्या दिवसापासूनच नव्हता. खेळाडू ओळखण्यात गेटलमन यांची चूक झाली नाही. तो कशाच्या बदल्यात घेतला जातो आहे, हे त्यांनी तोलले नाही.

उणीव की गुणवत्ता

प्रत्येक संघ ड्राफ्टआधी खेळाडूंची क्रमवारी लावतो. तिला संघाचा बोर्ड म्हणतात. पाळी आली की बोर्डवर सर्वांत वर उरलेला खेळाडू घ्यायचा की संघात जी जागा रिकामी आहे तिथला, हा जुना झगडा. क्लीव्हलँडहून बाल्टिमोरला आलेल्या रेव्हन्स संघाने १९९६ मध्ये आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये याचा निकाल लावला. मालक आर्ट मोडेल यांचा कल रनिंग बॅक लॉरेन्स फिलिप्सकडे होता, आणि लेफ्ट टॅकल संघाकडे आधीच होता. तरीही संघाची निवड पाहणारे अधिकारी ऑझी न्यूसम यांनी बोर्डवर वर असलेला टॅकल जोनाथन ऑग्डन चौथ्या क्रमांकावर घेतला. पहिल्या वर्षी तो गार्ड म्हणून खेळला. त्याच फेरीत २६ व्या क्रमांकावर रे लुइस मिळाला. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. फिलिप्सची कारकीर्द काही वर्षांतच संपली.

याच्या उलट टोकाला डेट्रॉइट लायन्स. त्यांनी २००३, २००४, २००५ आणि २००७ मध्ये पहिल्या दहांतली पाळी रिसीव्हरवर खर्च केली. चौथा, कॅल्व्हिन जॉन्सन, असामान्य निघाला. पण २००८ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. ‘सर्वोत्तम खेळाडू घ्या’ या सूत्राचीही मर्यादा येथे दिसते: एकाच जागेवर चार वेळा पैज लावली, तर बाकीच्या जागा कोण भरणार?

सर्वांत कठीण निवड होते ती दोन्ही खेळाडू खरेच तोलामोलाचे असतात तेव्हा. २०२१ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे पाचवी पाळी होती. आदल्या हंगामात त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर पडला होता, म्हणून टॅकल पेनेई सीवेल घ्यावा असा आग्रह सर्वत्र होता. बेंगल्सने बरोचा महाविद्यालयीन सहकारी, रिसीव्हर जामार चेस घेतला. सीवेल दोन पाळ्या नंतर लायन्सकडे गेला. चेसने पहिल्या हंगामात १,४५५ यार्ड मिळवले आणि संघ सुपर बोलला पोहोचला. त्याच हंगामात बरो लीगमध्ये सर्वाधिक, ५१ वेळा पाडला गेला. सुपर बोलमध्येही सात वेळा, आणि सामना रॅम्सने २३–२० असा जिंकला. त्या सामन्याच्या आधारे बेंगल्सला चूक ठरवणे अन्यायाचे आहे. चेस नसता तर ते तिथवर आलेच नसते. खरी उणीव दुसऱ्या फेरीत राहिली: तिथे घेतलेला टॅकल जॅक्सन कारमन टिकला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांना क्वार्टरबॅकला राखणाऱ्या रेषेतले तीन खेळाडू बाजारातून आणावे लागले. पहिली पाळी एकट्याने तोलायची नसते. त्या वर्षी टॅकल दुसऱ्या फेरीत किती खोलवर उपलब्ध आहेत आणि रिसीव्हर किती, यावर ती ठरते. २०२४ मध्ये आक्रमणाचे खेळाडू इतके भरभक्कम होते, की पहिल्या चौदा निवडी त्यांच्याच झाल्या आणि बचावाचा पहिला खेळाडू, लाइयाटू लाटू, पंधराव्या क्रमांकावर गेला.

खेळाडू तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून जागेचा विचार पुढच्या रिकाम्या खुर्चीचा असावा लागतो. ग्रीन बे पॅकर्सने २००५ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह खेळत असताना त्याच जागेसाठी ॲरन रॉजर्स घेतला आणि २०२० मध्ये रॉजर्स खेळत असताना जॉर्डन लव्ह. दुसऱ्या वेळी तर चाहते संतापले होते.

फिलाडेल्फिया ईगल्सने ही शिस्त सर्वांत सातत्याने पाळली आहे. उजवा टॅकल लेन जॉन्सन २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर, गार्ड लँडन डिकरसन आणि सेंटर कॅम जर्गन्स २०२१ व २०२२ च्या दुसऱ्या फेऱ्यांत, डावा टॅकल जॉर्डन मायलाटा २०१८ च्या सातव्या फेरीत. बचावाच्या पुढच्या फळीत जॉर्डन डेव्हिस आणि जेलन कार्टर २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेऱ्यांतले. ही रेषा उभी राहिल्यावर, मार्च २०२४ मध्ये, त्यांनी रनिंग बॅक बाजारातून आणला. तो होता जायंट्समधून मोकळा झालेला बार्कली. त्या हंगामात तो २,००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०–२२ असे हरवून सुपर बोल जिंकला.