कायद्यातला दर आणि पाकिटातला पगार: अमेरिकेतल्या किमान वेतनामागचा इतिहास

अमेरिकेत दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला कुठल्या ना कुठल्या राज्यात किंवा शहरात किमान वेतन वाढतं. तिथल्या मराठी घरांतली कॉलेजची मुलं सुट्टीत दुकानांत कामाला लागतात, कुणी स्वतः रेस्टॉरंट चालवतं, त्यामुळे हे आकडे आपल्याही माणसांच्या हिशोबात येतात. केंद्राचा दर मात्र २४ जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबला आहे. महाराष्ट्रात निदान विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे सहा महिन्यांनी बदलतो. अमेरिकेच्या केंद्रीय दराला तशी काही जोड नाही. म्हणून राज्यांनी आणि शहरांनी आपापली वाट धरली. २०२५ मध्ये सिअ‍ॅटल शहरात तासाला २०.७६ डॉलर होते, तर मिसिसिपीत राज्याचा स्वतःचा किमान वेतन कायदाच नसल्याने तेच ७.२५.

खरं तर सुरुवातही राज्यांनीच केली होती. जानेवारी १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरणगावात बायका आणि मुलांचा कामाचा आठवडा कायद्याने ५६ तासांवरून ५४ तासांवर आला. मालकांनी लगेच दोन तासांची मजुरी कापली. पाकिटात सरासरी ३२ सेंट कमी निघाले आणि हजारो कामगार गिरण्या सोडून रस्त्यावर आले. संप दोन महिने चालला. त्याच वर्षी जूनमध्ये मॅसॅच्युसेट्सने देशातला पहिला किमान वेतन कायदा केला, तोही फक्त स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी. त्यात दर न पाळणाऱ्या मालकाला दंड नव्हता. आयोग त्याचं नाव वर्तमानपत्रात छापणार, एवढीच शिक्षा. दर ठरवायचा कायद्याने आणि तो द्यायचा की नाही हे मालकाच्या लाजेवर सोडायचं, ही गाठ पहिल्याच दिवशी पडली. पुढची शंभर वर्षं ती सोडवण्यात गेली असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी आणखी आठ राज्यांनी असे कायदे केले. पण १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनचा कायदा रद्द केला. मालक आणि कामगार यांच्यातल्या करारात सरकारने पडू नये, असा त्याचा अर्थ. राज्यांचे कायदे कागदावर राहिले आणि मालक ते सरळ मोडू लागले.

ते चित्र पालटलं हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या एका बाईमुळे. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची या गावी कॅस्केडियन हॉटेलमध्ये एल्सी पॅरिश काम करत होत्या. राज्याच्या १९१३ च्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला १४.५० डॉलर मिळायला हवे होते. त्यांना कमी मिळत होते. १९३५ मध्ये नोकरी सुटल्यावर त्यांनी सगळ्या फरकाचा हिशोब मांडला. तो निघाला २१६ डॉलर १९ सेंट. त्या आणि त्यांचे पती कोर्टात गेले. हॉटेलचं म्हणणं असं की कायदाच घटनाबाह्य आहे. खालच्या कोर्टात त्या हरल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या आणि २९ मार्च १९३७ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्याच बाजूने निकाल दिला. चादरी बदलणाऱ्या बाईने थकलेली मजुरी मागितली म्हणून साऱ्या देशाला किमान वेतनाचा रस्ता मोकळा झाला, हे विसरता येत नाही.

पुढच्याच वर्षी केंद्राचा कायदा आला. २४ ऑक्टोबर १९३८ पासून तासाला २५ सेंट. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले होते, आणि दक्षिणेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचा मोठा भाग याच दोन कामांत होता. शेतमजुरांना १९६६ च्या दुरुस्तीने अंशतः आणि घरकामगारांना १९७४ मध्ये त्यात जागा मिळाली. पण या कायद्याने एक दार उघडं ठेवलं होतं. राज्याने किंवा शहराने जास्त दर ठरवला तर तोच द्यावा लागेल.

शहरं त्या दारातून फार उशिरा आत शिरली. १९९४ मध्ये बाल्टिमोरने महापालिकेच्या कंत्राटदारांना जास्त वेतन देणं बंधनकारक केलं. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी सगळ्या शहरासाठी दर ठरवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड दुकानांतले कामगार काम टाकून बाहेर पडले. त्यांची मागणी होती तासाला १५ डॉलर, आणि तेव्हा ती अनेकांना अशक्य वाटली. वर्षभरातच सिअ‍ॅटलजवळच्या सीटॅक या विमानतळाच्या गावाने अवघ्या ७७ मतांच्या फरकाने १५ डॉलर मंजूर केले. तरी विमानतळावरच काम करणाऱ्यांना थांबावं लागलं, कारण विमानतळ गावाच्या हद्दीत असला तरी कारभार बंदर प्राधिकरणाचा, असा वाद कोर्टात गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये कामगारांच्या बाजूने कौल दिला. उलटंही घडलं. सेंट लुइस शहरात मे २०१७ मध्ये दर १० डॉलर झाला आणि राज्याच्या नव्या कायद्याने ऑगस्टमध्ये तो पुन्हा ७.७० वर आणला. वाढलेला पगार चार महिन्यांच्या आत कमी करायची मुभा सरकारनेच मालकांना दिली. माझ्या मते हा उघड अन्याय होता.

दर वाढला तरी तो हातात पडतोच असं नाही. २००८ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधल्या ४,३८७ कमी पगाराच्या कामगारांची पाहणी झाली. त्यातल्या २६ टक्क्यांना आदल्या आठवड्यात किमान वेतनाहून कमी पैसे मिळाले होते. याच्या वाटा ओळखीच्या आहेत. हजेरी बंद केल्यावर फरशी पुसून घ्यायची, सुट्टी न देताच जेवणाचा अर्धा तास कापायचा, कामगाराला कागदोपत्री कंत्राटदार दाखवायचं. टिपवर जगणाऱ्या वेटरचा केंद्रीय दर तर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे. टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असतो, पण त्यासाठी आठवड्याचा हिशोब कुणीतरी मांडावा लागतो.

कायद्याने तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम आहे. ती त्याने नीट ठेवली नसेल तर काय, हा प्रश्न १९४६ मध्ये मिशिगनमधल्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी कामगाराचा वाजवी अंदाज धरावा आणि तो खोटा ठरवायची जबाबदारी मालकाची. म्हणून स्वतःची टिपणं लाखमोलाची. मे २०११ मध्ये केंद्राच्या कामगार खात्याने फोनवरचं एक अ‍ॅप काढलं. त्यात कामगाराने आपली येण्याची, जाण्याची आणि सुट्टीची वेळ स्वतःच नोंदवायची.