पेशीपटल: दिसायच्या आधीच सापडलेलं कातडं

उन्हाळ्यात आमच्या गोव्यात बरणीत चेपणीची तोरं पडतात, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, भरपूर मीठ आणि वर दगडाचं वजन, बस. पाण्याचा थेंब घातलेला नसतो, तरी दोन-तीन दिवसांनी झाकण काढलं की आत पाणी सुटलेलं आणि कैऱ्या सुरकुतून बसलेल्या. हे परासरण, म्हणजे पापुद्र्यातून पाणी जास्त मिठाच्या बाजूला ओढलं जाणं, आणि ते कैरीच्या सालीमुळे नाही तर आतल्या एकेका पेशीभोवतीच्या पापुद्र्यामुळे, म्हणजे पेशीपटलामुळे होतं.

आता नावाचा घोळ बघा. लॅटिनमध्ये मेंब्राना म्हणजे कातडं, चर्मपत्रसुद्धा. आपल्याकडे घुमट या गोव्याच्या मातीच्या वाद्याचं चामडं, कानाचा पडदा, अंड्याच्या कवचाखालचा पापुद्रा आणि शाळेच्या पुस्तकातलं पटल असे वेगवेगळे शब्द आहेत, इंग्रजीत सगळ्यांना मेंब्रेनच. (घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं. जुने वाजवणारे म्हणतात तो नाद नाही, पण घोरपड वाचली हे बरंच झालं.)

मजा म्हणजे पेशीचा पडदा कोणाला दिसायच्या कितीतरी आधी लोक त्याच्याबद्दल बोलत होते. सुरुवात साध्या कातड्यापासून झाली, 1748 मध्ये नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने दारूच्या अर्काची बाटली डुकराच्या मूत्राशयाने बांधून पाण्यात ठेवली, काही तासांनी कातडं टम्म फुगलेलं, पाणी आत जात होतं. 1890 च्या दशकात ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तेलात विरघळणारे पदार्थ पेशीत पटकन शिरतात, म्हणजे पडदा तेलकट असणार. मग 1925 ला हॉलंडमधल्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी काढून पाण्यावर पसरली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापायची, म्हणून थर दोन! गंमत अशी की चरबी काढायला वापरलेल्या अ‍ॅसिटोनने सगळी चरबी निघालीच नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी मोजलेलं, दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं.

प्रत्यक्ष दिसायला 1950 च्या दशकातला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागला, जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडली तर दोघांची प्रथिनं 40 मिनिटांत एकमेकांत मिसळली, म्हणजे हा पडदा ताणून बसवलेल्या चामड्यासारखा नाहीच, वाहता आहे, आणि 1972 ला सिंगर-निकोल्सन यांनी तेच मांडलं, चरबीच्या पातळ थरात तरंगणारी प्रथिनं. त्यातली काही दारवान, काही पंप, काही बाहेरचा निरोप आत पोचवणारी.

पण तेलकट थरातून पाणी इतक्या भराभर जातं कसं? ती वाट अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनी दाखवली, पाण्यासाठी खास प्रथिनाची दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन, त्यासाठी 2003 चं नोबेल. ही दारं झाडांच्या पेशींतही असतात, त्यामुळे तोरांच्या बरणीतलं थोडं पाणी तरी त्याच वाटेने आलेलं असणार.